गुरुवारचा तास

ते साल २००७. बल्गेरिया नुकताच युरोपीय संघात गेला होता, आणि डॅन्यूबकाठच्या आमच्या विद्यापीठात मार्चच्या पहिल्या तारखेला मूल्यांकन समिती यायची होती. स्थापत्य विभागाच्या कचेरीत मी सव्वीस वर्षं लिपिक होते. मुलं मला वेनेता मावशी म्हणत.

आमच्याकडे परीक्षा तोंडी. टेबलावरची एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. मुलं चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या घोकत आणि सहापैकी सहा मिळवत. पण ही तुळई वाकेल का, असं साधं विचारलं की गप्प. म्हणून रायना या तरुण अध्यापिकेनं गुरुवारी दुपारी आपणहून एक तास सुरू केला होता. लाकडी पट्ट्या, दोऱ्या, विटा, असला पसारा मांडून. वेळापत्रकात त्या तासाला जागा नव्हती, आणि तिला ती हवी होती.

"मावशी, मुलांनी भरलेले अभिप्रायाचे फॉर्म जसेच्या तसे समितीपुढे ठेवाल ना? माझं कुणी ऐकत नाही, मुलांचं तरी ऐकतील."

"ठेवीन गं. मला काय ते खायचेत?"

ब्याऐंशी फॉर्म आले. निम्म्यांत एकच रड, व्याख्यान कळत नाही. इस्क्रा नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘मला फक्त गुरुवारी कळतं. आठवड्यात दोन गुरुवार करा.’

विभागप्रमुख पराश्केवोव यांनी ते चाळले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वेनेता, हे दाखवलं तर विभागाला कुलूप लागेल. तुझ्या पेन्शनला किती राहिलं?"

"तीन वर्षं, साहेब."

"मग बघ बाई. अक्षर वळवता येतं तुला, आणि पेनं कपाटात ढीगभर पडलीत."

दोन दुपारी बसून मी एक्केचाळीस फॉर्म नव्यानं लिहिले. काही डावीकडे झुकवून, काही उजवीकडे. इस्क्राच्या फॉर्मपाशी हात थांबला. मग लिहिलं, ‘सगळं छान कळतं.’ मूळचे फॉर्म खणात टाकले.

समिती आली. एक मार्चला वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे बांधायचा आमच्याकडे रिवाज, त्याप्रमाणे आम्ही ते पाहुण्यांच्या मनगटांना बांधले. समितीतल्या एक बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणालाच काही अडत नाही? बाकी ठिकाणी मुलं भांडतात, मग आम्ही जादा तासांची शिफारस करतो आणि ते मंजूर होतात. अडचण लिहिली म्हणून कुणाचा विभाग बंद पडत नाही हो. इथे मी काय लिहू?"

रायना दारात उभी होती. खण माझ्या गुडघ्याशी होता, नुसता ओढायचा होता.

"आमची मुलं हुशार आहेत," मी म्हणाले.

आम्हाला सहा वर्षांची मान्यता मिळाली. पुढच्या सत्रात गुरुवारची खोली काढून घेतली. सगळ्यांना सगळं कळतंय, असं कागदच सांगत होते. रायना एवढंच म्हणाली, "मावशी, एक तरी ठेवायचात."

पराश्केवोव हारतुरे घेऊन निवृत्त झाले, चार वर्षांनी वारले. रायना व्हिएन्नाला गेली. तिथे तिचा तास वेळापत्रकात छापलेला असतो म्हणे. मुलं कमी होत होत विभाग २०१३ला बंदच पडला. मला पेन्शन पूर्ण मिळते.

इस्क्राला घोकणं जमलं नाही, तिनं दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडलं. आता ती आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत असते. पाव देताना अजून मावशीच म्हणते. तिचा तो मूळचा फॉर्म माझ्या पिशवीत असतो, रोज बेकरीत नेते आणि रोज परत आणते.