अर्ध्या क्लचवर

मी गिअरचा दांडा बोलतोय. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही माझे साधेच आहेत. गाडीत आणि गॅरेजात कानावर पडले तेवढेच.

मी जन्मलो तेव्हा महागड्या गाड्यांत माझी जात संपत आली होती. त्या गाड्या आता आपोआप गिअर बदलतात. माझ्या मुठीला कातडं शिवणारी बाई म्हणाली होती, "तुला कोण नेणार रे बाबा?" तरी तिने टाका न् टाका नीट घातला.

मला नेलं दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी. शोरूममधला विक्रेता हसू दाबत म्हणाला, "मॅडम, या गाडीत गिअर आता कुणी मागत नाही."

"आमच्या काकांना लागतो," बाई म्हणाल्या.

काका म्हणजे त्यांचे ड्रायव्हर, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. बाईंना ते ताई म्हणत. ताईंना स्वतःला बिनगिअरची गाडी येत होती. पण काकांचा हात तसल्या गाडीवर बसेना, म्हणून मी आलो. काकांची कॉलर ताठ! पार्किंगमधल्या बाकीच्या ड्रायव्हरांना ते चिडवायचे, "आपोआप चालते ती लिफ्ट. गाडी माणसाने चालवायची."

पुढे काकांचा डावा गुडघा धरला. क्लच पुरता दाबता येईना. अर्ध्या क्लचवर ते मला ढकलायचे आणि मी कर्रकन ओरडायचो. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्यापायी त्यांचा गुडघा दुखायचा आणि वर बोंबही मीच मारायची! काका रेडिओचा आवाज वाढवायचे.

एकदा दवाखान्याच्या चढावर पहिला गिअर पडलाच नाही. गाडी मागे घसरली आणि मागच्या गाडीचा दिवा फुटला. तिचा मालक खाली उतरला. "एवढी भारी गाडी आणि अजून दांडा हलवताय, आजोबा?"

काका मागे बसलेल्या ताईंकडे न बघता म्हणाले, "गिअर अडकला, ताई. गाडीतच खोट आहे."

मला राग आला नाही. लाज वाटली, त्यांचीही आणि माझीही.

गॅरेजात फिटरने काकांच्या शेजारी बसून मला सगळीकडे फिरवून पाहिलं. "लोण्यासारखा चालतोय, ताई. काही बिघाड नाही."

"असेल काहीतरी," खिडकीशी उभ्या ताई म्हणाल्या. "नवा गिअरबॉक्स बसवा. काका खोटं बोलणार नाहीत."

काकांचा तळवा आता माझ्यावर होता. त्याला घाम फुटला. फिटरने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "उद्या आणा," एवढंच तो म्हणाला.



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी पुसली आणि ताईंसाठी स्टिअरिंगकडचं दार उघडलं.

"हे काय, काका?"

"गिअर धडधाकट आहे, ताई. गुडघा गेलाय माझा. काल खोटं बोललो."

ताई म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडाने सांगू? माझ्यासाठी घेतलीत ना ही गाडी."

ताई आत बसल्या. "मला क्लच जमत नाही हं."

"पाय तुमचा, हात माझा. आवारातच फिरवू."

काका लंगडत, न लपवता, पलीकडे गेले आणि शेजारी बसले. त्यांचा उजवा हात माझ्यावर आला.

"दाबा," ते म्हणाले. "अगदी तळापर्यंत." आणि त्यांनी मला पहिल्यात टाकलं.