एक ग्रॅमची पोत

मित्रांनो, मी एक जुनी पोत आहे. पोत म्हणजे काळ्या मण्यांचे मंगळसूत्र, एवढे तर तुम्हाला ठाऊक असेलच. पण मी सोन्याची नाही, हे आधीच सांगून टाकते. जे सांगायला हवे होते ते मी आयुष्यभर सांगितले नाही, म्हणून आता तरी सुरुवात खऱ्याने करावी म्हणते.

माझा जन्म पितळेचा. एका लहानशा कारखान्यात मला सोन्याच्या पाण्यात बुडवून काढले, दोन वाट्या लावल्या आणि काळे मणी ओवले. मग नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानात मी लाल मखमलीवर जाऊन बसले. शेजारी पाटी होती, ‘एक ग्रॅम सोने, सहा महिन्यांची गॅरंटी’. ‘हुबेहूब दिसते हो!’ असे गिऱ्हाइके म्हणायची आणि मी फुगायचे. खोट्याचे कौतुक हुबेहूब म्हणूनच होते, हे तेव्हा मला कळत नव्हते.

मला घेतले ते इंदिरानगरच्या लताबाईंनी. त्यांचे यजमान झुंबरराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. दोघेच घरात, मुलगी अंजली पुण्याला. त्या महिन्यात मागच्या गल्लीत एका बाईची पोत ओरबाडली होती. लताबाईंनी तीन दिवस विचार केला, स्वतःची चार तोळ्यांची पोत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आणि मला गळ्यात घातले.

“कोणाला सांगू नका बरं,” त्या यजमानांना म्हणाल्या.

“मी कशाला सांगू? तुझा गळा, तुझी पोत,” झुंबरराव हसले. “पण भ्यालीस म्हण की!”

“मी कोणाला भीत नाय,” लताबाई म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

त्या खरोखर भ्याल्या होत्या. छातीची धडधड मला मण्यामण्यातून लागत होती. पण तसे म्हणण्याची त्यांना चोरी होती. कारण अंजली रोज फोनवर एकच सांगायची, “आई, नाशिक आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. रोज पेपरात काहीतरी असतंच. तुम्ही दोघं इकडे या.” आणि लताबाईंना नाशिक सोडायचे नव्हते. चाळीस वर्षांची ओळखीची माणसे, भाजीवाल्या, सकाळची थंडगार हवा, हे टाकून पुण्याच्या सातव्या मजल्यावर जाऊन काय करायचे? म्हणून एके दिवशी त्यांनी फोनच्या पडद्यासमोर मला बोटांनी उचलून धरले.

“ही बघ! चार तोळे घालून रोज ट्रॅकवर जाते. आजवर कोणी बोट लावलं नाही. पेपरवाल्यांचं काय घेऊन बसलीस?”

मी चमकले. तेवढेच मला येत होते.

सकाळी जॉगिंग ट्रॅकवर बायका जमायच्या. कोणी पदर गळ्याभोवती गच्च गुंडाळलेला, कोणी पोत पिनेने ब्लाऊजला टाचलेली, कोणी नुसत्या काळ्या मण्यांवर आलेली. लताबाई मात्र ताठ मानेने, मला उघड्यावर मिरवत पुढे. “काकूंची छाती बघा!” बायका म्हणत. माझी सहा महिन्यांची गॅरंटी केव्हाच संपली होती. कडीपाशी पितळ उघडे पडले होते आणि लताबाईंच्या मानेला खाज सुटत होती. घरी आल्या की त्या तिथे खोबरेल लावायच्या. हे कौतुक करणाऱ्यांना दिसत नव्हते.

शेजारच्या घरात आशा राहायची. शाळेत जाणाऱ्या सायलीची आई, स्वभावाने जरा भित्री. तिचीही एक पोत होती, पण ती कपाटातल्या स्टीलच्या डब्यात. आशाच्या आईने, सिंधुबाईने, स्वतःची पोत मोडून लेकीच्या लग्नात ती घडवली होती. सिंधुबाई आता नव्हती. डब्यातली पोत तेवढी होती.

“अगं, डब्याला घालायला केली का ती?” लताबाई तिला चिडवायच्या. “घाल गळ्यात. भ्यायचं काय त्यात? माझ्याकडे बघ!”

आणि आशाने बघितले. मित्रांनो, ती लताबाईंकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी तेव्हा तुटून खाली पडले असते तर बरे झाले असते. पण मी ऐटीत लटकत राहिले.

पुढच्या मंगळवारी आशा आईची पोत घालून आली. लाजत होती. सारखा हात गळ्याकडे जात होता. “किती शोभते गं!” लताबाई म्हणाल्या. साडेसात वाजले असतील, चांगले ऊन पडले होते. ट्रॅक संपवून दोघी गल्लीच्या तोंडाशी आल्या, तर मोटारसायकलवरून दोन तरुण आले. मागचा म्हणाला, “काकू, इथं दातांचा दवाखाना कुठंय?”

लताबाई हात करून दाखवू लागल्या. तो तरुण वाकला आणि त्याने आधी मला पाहिले. अगदी जवळून, कडीपाशी. त्याच्या तोंडावर हसू आले. सगळ्या कॉलनीला जे कळले नव्हते ते त्या चोराला क्षणात कळले. मग त्याने आशाकडे पाहिले.

एकच हिसडा बसला. आशा रस्त्यावर आपटली. गळ्याला रक्त, कोपर सोललेले, दोनचार मणी मातीत. मोटारसायकल केव्हाच वळणाआड गेली होती.

माणसे धावून आली. “काकूंची वाचली हो, देवाची कृपा!” असे प्रत्येक जण म्हणत होता. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या बाईंनी लताबाईंना विचारले, “तुमच्या गळ्यातली पण सोन्याची?”

आशा शेजारीच बसली होती, मानेला रुमाल लावून. लताबाईंनी मला मुठीत धरले. 

“हो,” त्या म्हणाल्या.

त्या एका शब्दाइतकी लाज मला कशाचीच वाटली नाही. तो शब्द त्यांनी उच्चारला खरा, पण त्याला साक्ष मी होते.

पुढचे तीन दिवस भिंतीपलीकडून आवाज येत होते. आशाचा नवरा दीपक वाईट माणूस नव्हता, पण जीव जळला की जीभ सुटते. “काकूंच्या गळ्यातली राहते आणि तुझीच कशी जाते? तुझंच लक्ष नसतं!”  आशाला पोत गेल्याचे दुःख होतेच, पण आईची वस्तू आपल्या वेंधळेपणाने घालवली, असे तिने मनाशी धरले. तिने बाहेर पडणे सोडले. सायलीला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायलाही ती दाराबाहेर येईना. भिंतीच्या अलीकडे लताबाई पोळ्या लाटता लाटता थांबायच्या आणि पुन्हा लाटायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी पोळपाट बाजूला सारला आणि पीठ लागलेल्या हातांनीच शेजारी गेल्या. दीपक जेवत होता. लताबाईंनी मला गळ्यातून काढले आणि आशासमोर ठेवले.

“ही खोटी हाय,” त्या म्हणाल्या. गावाकडची बोली त्यांच्या तोंडी एकदम आली. “खरी लॉकरला पडलीय. मला लय भ्याव वाटायचं गं. तुला मात्र घाल घाल म्हनले. दीपक, हिला बोलू नको. चूक माझी हाय.”

दीपकचा घास हातातच राहिला. आशाने मला उचलले आणि तळहातावर तोलून पाहिले. किती हलकी होते मी! तिच्या मानेवरचा लाल वळ माझ्या अगदी समोर होता. मला वाटले, आता ही मला भिरकावून देईल. तिने तसे करायला हवे होते.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्हालाही भीती वाटत होती, तर मला सांगायचं ना. आपण दोघी भीत भीत फिरलो असतो.”

लताबाई पदर तोंडाला लावून रडल्या. त्याच दिवशी त्या पोलीस ठाण्यात जाऊन तो ‘हो’ बदलून आल्या. अंजलीलाही फोनवर सगळे सांगितले. ती रागावली, पण त्यांना न्यायला आली नाही. आशाची पोत मात्र अजून सापडलेली नाही.

मी आता लताबाईंच्या दाराशी, किल्ल्यांच्या खिळ्यावर लटकते. माझा बराचसा मुलामा गेला आहे. मित्रांनो, आपले नाशिक काही चोरांचे गाव नाही. पडलेल्या आशाला उचलायला अर्धी गल्ली धावली होती, हे मी पाहिले आहे. पण गावाची अब्रू राखायची म्हणून भीती झाकू नका. तुम्ही झाकलेल्या भीतीच्या भरवशावर दुसरे कोणीतरी निर्धास्त होते, आणि हिसडा त्याला बसतो. शेजाऱ्याला खरे सांगा. माझ्यासारखे चमकून गप्प बसू नका.

लताबाई रोज सकाळी नुसत्या काळ्या मण्यांवर बाहेर पडतात आणि आशाच्या दाराशी थांबतात. ‘भ्यायचं काय त्यात’ असे आता म्हणत नाहीत.

“आशा, मला एकटीला भीती वाटते गं,” त्या म्हणतात. “येतेस का सोबत?”

कित्येक दिवस आतून उत्तर येत नव्हते. काल मात्र मी खिळ्यावरून ऐकले, आशाच्या दाराची कडी निघाली.