दहा हजार घोड्यांचा वेढा

नीरजा गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये बसून जुन्या लढायांचा एक गेम बनवत होती. त्यात दौलताबादच्या किल्ल्याला वेढा पडायचा. तोफांचे आवाज अस्सल होते, घोड्यांची आयाळसुद्धा वाऱ्यावर उडायची. बाहेर दुष्काळ होता आणि नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं.

घरकामाला येणाऱ्या पुतळाबाई गंगापूरकडच्या. चारा संपला म्हणून मेंढरं विकून त्या शहरात आल्या होत्या. एकदा त्या स्क्रीनसमोर थबकल्या.

"ताई, किती घोडी हायती ही?"

"दहा हजार. तीन महिने वेढा चालतो."

"भर उन्हाळ्यात? मग पाणी कुठं पितेत?"

नीरजा ओशाळली. आठवडाभर खपून तिने गेममध्ये विहिरी आणि ओढे घातले, घोड्यांना रोज पाणी मिळालंच पाहिजे अशी अट घातली, पाऊस मात्र यंदाइतकाच ठेवला. आता घोडी वाटेतच तहानेने मरायची, एकही फौज किल्ल्यापर्यंत पोचेना.

तिचा साहेब विश्वजित भडकला. "लोक लढायला गेम घेतात. पाण्यामागे तर ते घरीही धावतात!"

नीरजाने पाण्याची अट काढून टाकली. गेम धडाक्यात खपला. 'हुबेहूब इतिहास!' असं लोकांनी लिहिलं.

तिने ते पुतळाबाईंना वाचून दाखवलं.

"लई झ्याक झालं," त्या म्हणाल्या. "घोडी तरी जगली."