एकाच बाजूने फिरवलेली तबकडी

माझ्या मधोमध एक छिद्र आहे. ते पाडले तेव्हा चार मिलिमीटरचे आणि नेमके गोल होते. आता त्याची उजवी कड तीन मिलिमीटर फाटली आहे. डावी जशीच्या तशी आहे. दोन्हीकडे फिरवली असती, तर मी सगळीकडून सारखी झिजले असते. मला एकाच बाजूने ओढले गेले. याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मित्रांनो, मी एक जुनी शब्दांची तबकडी आहे. आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत मी राहते. राखी मॅडम इथे नव्याने रुजू झाल्या, त्याच महिन्यात त्यांनी मला बनवले. बियाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून दोन चकत्या कापल्या, एकीवर एक ठेवल्या आणि मध्ये पितळी पिन अडकवली. खालच्या चकतीवर इंग्रजीची सात सुटी अक्षरे आहेत. वरच्या चकतीला एक खिडकी आहे आणि तिच्या शेजारी 'ake' हा न बदलणारा शेवट लिहिला आहे. खालची चकती फिरवली की खिडकीत नवे अक्षर येते आणि त्याच घराण्यातला नवा शब्द तयार होतो: बेक, केक, मेक, रेक. शेवटचे अक्षर स्वतः गप्प बसते, पण त्याच्यामुळे मधला स्वर लांबतो. तो लांबवताना मॅडम हवेत हात सरळ ओढायच्या आणि मुलेही ओढायची.

ते सहा महिने माझे होते. दुसरीतली ममता मला मांडीवर घेऊन हवी तशी फिरवायची. एकदा ती एका शब्दाशी अडली, दोनदा जुळवून पाहिला आणि मग म्हणाली, "रेक! मॅडम, रेक म्हंजे काय?"

मॅडमनी अंगणातले पाला ओढायचे दाताळे दाखवले. ममता खुश झाली. "आमच्या घरी तं दोन रेक हायेत!"

मित्रांनो, याला वाचणे म्हणतात. मी ते एवढ्या जवळून पाहिले आहे.

मग मुख्याध्यापक बबनरावांची नजर माझ्यावर पडली. "राखी मॅडम, इतकी चांगली वस्तू पोरायच्या हातात कायले देता? फाटन ना! साहेब आले का काढू. अन् तुमच्या कामाचा अहवाल मलेच लिहा लागते, हे ध्यानात असू द्या."

मी लोखंडी कपाटात गेले. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पृथ्वीचा गोल होता आणि दोरी न सोडलेले नकाशे होते. सगळे नवेकोरे, सगळे निरुपयोगी. आम्हाला जपले, असे बबनराव सांगत. मित्रांनो, हे जपणे नव्हते. पुठ्ठा फाटला तर दुसरा मिळतो, पण ममताची दुसरी आणि तिसरी परत मिळाली नाही.

तपासणीच्या आठ दिवस आधी मात्र मी बाहेर येत असे. तेव्हा मला नेहमी त्याच खुणेपासून त्याच दिशेने फिरवत आणि मुले एका सुरात ओरडत. त्यांचे डोळे माझ्याकडे नसायचेच. पाढे म्हणावेत तशी ती मला म्हणत. दर वेळी मला परत ठेवताना राखी मॅडम हळूच पुटपुटत, "पुढच्या टायमाले साहेबायले खरं सांगूनच टाकतो." आणि कुलूप लावत. मला त्यांचाही राग यायचा.

यंदा ममता चौथीत आहे. हे तिचे या शाळेतले शेवटचे वर्ष. ज्या शाळेतल्या मुलांना वाचता येत नाही, तिथे रोज वाचनाचा तास घ्यायला एक वेगळी बाई मिळणार होती. तपासणीच्या तक्त्यावर 'वाचता येते' अशी खूण झाली, तर ती मिळणार नव्हती.

तपासणीला संगीता मॅडम आल्या. ममताची आजी मानीबाई दारात उभी होती. शेजारच्या रामीबाईला ती म्हणाली, "तुहा कपिल टाय बांधून बसनं आर्णीले इंग्रजी शाळेत जाते. माही ममता तांड्यातच खडाखडा इंग्रजी वाचते!"

"वाचते का नुस्ती म्हणते, ते पाह्य पह्यले," रामीबाई म्हणाली.

ममता पुढे आली. बबनरावांनी मला खुणेवर लावले. संगीता मॅडमनी मला त्यांच्या हातातून घेतले आणि उलटी फिरवली. किती दिवसांनी! खिडकीत 'टेक' आले.

"बेक," ममता म्हणाली.

पुन्हा फिरवले. 'वेक' आले.

"केक."

रामीबाई फसकन हसली. मानीबाई तिच्यावर खेकसली, "चूप बस वं!" पण तिचा चेहरा पडला होता. ममता माझ्याकडे नाही, बबनरावांच्या तोंडाकडे पाहत होती.

"घाबरली पोरगी," बबनराव घाईने म्हणाले. "बाकी सगळ्यायले येते, मॅडम. करा खूण."

संगीता मॅडमनी पेन तक्त्याजवळ नेला आणि राखी मॅडमकडे पाहिले. "तुम्ही शिकवता ना? काय लिहू?"

"राखी मॅडम," बबनराव दबक्या आवाजात म्हणाले, "अहवाल."

राखी मॅडम भिंतीपासून पुढे आल्या.

"खूण करू नका, मॅडम. ममताले वाचता येत नाही. वर्गात कोणालेच येत नाही. मी पाठ करून घेतलं, दोन वर्सं. आमाले ते वाचनाची बाई पाह्यजे."