दोघींची प्रतिज्ञा

बोदलकशाच्या वस्तीतली बौद्ध लग्नं भोजराजच लावत. आज त्यांचीच मुलगी रीना आणि तिची जोडीदार स्नेहल पांढऱ्या साड्यांत, हार घेऊन त्यांच्यापुढे उभ्या होत्या.

"पोरीपोरीचं लगन कायद्यात बसत नाही," ते म्हणाले.

बायको रुक्माबाई तडकली. "आपल्या लग्नात सात फेरे नव्हते. लोकं म्हणत, हे लगनच नाही. तवा कोनाले भेले नाही, आता काऊन भिऊन राहिले?"

भोजराजांनी मेणबत्ती लावली, विधीची वही उघडली. वधूच्या प्रतिज्ञांचं पान त्यांनी उलटून टाकलं. वराच्या पानावर पहिलीच ओळ होती: मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन.

"दोघीही हेच म्हणा," ते म्हणाले.