जमुनाबाईंचं आंधण

“बाई, डब्यात तांदूळ नाई, तरी आंधण कायले ठेवलं?”

मी हे विचारलं तेव्हा शामकला आणि सुशिला माझ्या मागे, दाराच्या आडोशाला, एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. आठच दिवसांपूर्वी शाळेत इन्स्पेक्टर साहेब आले होते आणि मी सगळ्या वर्गादेखत मध्य प्रांतातल्या नद्या न अडखळता धडाधड सांगितल्या होत्या. तेव्हापासून आपल्याला विचारता येणार नाही असं जगात काही उरलंच नाही, अशी माझी खात्री झाली होती. शामकला म्हणाली, “साह्यबापुढं बोलनं सोपं हाये. बाईले इचारून दाखव, मंग मानीन तुले.”

जमुनाबाई चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

“तांदूळ आल्यावर पानी तं कोनीबी ठेवते,” त्या म्हणाल्या. “जाय, पाट मांड.”

मी सात पाट मांडले. आम्ही सातजणी होतो. सातही पोटांत कावळे ओरडत होते आणि पातेल्यात नुसतं पाणी खदखदत होतं. सुशिला सगळ्यांत लहान. ती माझ्या कानात म्हणाली, “आता पानीच वाढतेत वाटते.” तेवढ्यात अंगणातून हाक आली, “शामकले, हायेस का वो घरात?”

शामकलाचा मामा उदाराम. देवरीहून लाखेची गाडी घेऊन तो गोंदियाच्या बाजाराला आला होता, आणि शामकलाच्या आईने त्याच्याबरोबर नव्या हलक्या धानाचा तांदूळ पाठवला होता. खांद्यावरचं पोतं त्याने ओसरीवर टेकवलं तेव्हा आम्ही सातजणी ओसरीवर धावलो. बाईंनी मात्र, जणू ठरलेल्या वेळी ठरलेलं माणूस आलं, अशा थाटात तांदूळ धुतले आणि आंधणात वैरले. वाढताना माझ्या ताटात एक उलथणं भात जास्त टाकला.

“इचारनाऱ्या पोरीले भूक जास्त लागते,” म्हणाल्या.

मी पैज जिंकले होते. पण शामकलाकडे बघून हसायचं मला सुचलंच नाही.

जमुनाबाई कोण, ते सांगते. त्यांचे यजमान गोंदिया स्टेशनात सांधेवाले होते. हिवतापाने गेले. तेरावं झालं त्या दिवशी घरात दाणा नव्हता. त्यांची म्हातारी सासू म्हणाली होती, “चूल पेटव अन् आंधण चढव. चढलेलं आंधण रितं उतरवाचं नसते, हे देवालेबी माहीत हाये.” बाईंनी पाणी चढवलं, आणि ते उकळायच्या आत शेजारची मासे विकणारी ढिवरीण पदरात तांदूळ घेऊन आली. पुढे सासू गेली, रेल्वेची खोली गेली. बाईंनी रुळांपलीकडे दोन खोल्यांचं कौलारू घर धरलं. खेड्यातल्या पोरींना गोंदियाच्या शाळेत शिकायचं तर राहायचं कुठे? त्या बाईंकडे राहू लागल्या. प्रत्येकीच्या घरून धानाच्या हंगामात एक पोतं यायचं, मध्येच कधी डाळ, कधी वाळवलेली भाजी. बाई कधीच काही मागत नसत. पोतं आलं तर ठीक, नाही आलं तरी त्या मुलीच्या पाटावर तेवढाच भात. आणि तांदूळ असो की नसो, सकाळी देवापुढे अक्षता वाहिल्या की आंधण चढायचं. अकरा वर्षं ते एकदाही रितं उतरलं नव्हतं.

हे ऐकून कुणाला गप्प बसवेल? मला तर मुळीच नाही.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले. आमचं गाव तिरोड्याच्या पुढे, बोदलकशाच्या तलावाच्या अंगाला. घरी आम्ही पोवारी बोलतो. इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते. चावडीवर, विहिरीवर, काकांच्या ओसरीवर, जिथे चार माणसं दिसतील तिथे मी उदाराममामाची गोष्ट सांगितली. आणि नुसती सांगितली नाही, रंगवली. पहिल्यांदा सांगताना उदाराम शामकलाचा मामा होता. तिसऱ्यांदा सांगताना तो “कोणीतरी गाडीवाला” झाला. पाचव्यांदा तो पोतं ठेवून निघून गेला आणि पुन्हा कुणाला दिसलाच नाही. बायांनी हात जोडले. माझी माय डोळे पुसत म्हणाली, “माही पोरगी कोनाच्या घरी राहते पाह्य!” माझे बाबूजी धनलाल पटेल फारसे बोलत नाहीत. तेही अडकित्ता खाली ठेवून ऐकत होते. बाकीच्या मुलींनीही आपापल्या गावी हेच केलं असणार. माझ्याइतकं छान नसेल, पण केलं असणार.

लढाईचं चौथं वर्ष होतं ते. रॉकेल मिळेना, लुगडं मिळेना. त्यातच भादव्यात पाऊस जो गेला तो परत आला नाही, आणि धान अर्धंमुर्धं पोचट भरलं. जे आलं त्यातलं सरकारात द्यावं लागलं. पौषात मळणी झाली, तरी बाईंच्या ओसरीवर एकही पोतं आलं नाही. माघात घरातला होता नव्हता तो तांदूळ संपला. बाईंनी कण्या शिजवल्या, मग कोदोचं भरड धान्य, मग कण्यांत मोहफुलं घालून. आंधण रोज चढत होतं आणि रोज काहीतरी त्यात पडत होतं. एकदा हिरालाल गवळ्याने भोपळा दिला, एकदा नागऱ्याच्या यात्रेहून परतणारी एक अनोळखी बाई ओसरीवर पाणी प्यायली आणि पदराची गाठ सोडून तांदूळ ठेवून गेली. आम्ही सातजणी खुदखुदत एकमेकींकडे बघायचो. बघा, आलं की नाही!

मग फागुनातला तो सोमवार आला.

शाळेला होळीची सुटी लागायला तीन दिवस होते. सकाळी बाईंनी आंधण चढवलं. आम्ही उपाशी शाळेत गेलो. दुपारी येऊ तेव्हा भात असेल, यात शंका नव्हती. दुपारी आलो तेव्हा पाणी उकळून अर्धं झालं होतं आणि बाई त्यात तांब्याने नवं पाणी ओतत होत्या. पुन्हा शाळेत गेलो, पुन्हा आलो. उन्हं कलली तरी पाणी उकळतच होतं. सुशिला पाटावर बसून राहिली होती. ती उठेना.

तेवढ्यात समोरच्या दुकानाचे ईश्वरदास शेठ अंगणात आले. फाटकाची कडी सैल झाली होती, ते सांगायला. त्यांची नजर चुलीवर गेली. धूर निघत होता, झाकण थडथडत होतं.

“वाह बाई!” शेठ म्हणाले. “पूरे मोहल्ले में हाय-हाय हो रही है, और आपका चूल्हा देखो. ऊपरवाला आपको कभी भूलता नहीं.”

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

“त्याची कृपा,” बाई म्हणाल्या.

शेठनी चुलीला, म्हणजे खरं तर त्या पातेल्याला, हात जोडले आणि ते निघून गेले. त्यांच्या दुकानात तेव्हा तांदळाची थप्पी होती. आमच्या ओसरीवरून ती दिसायची.

“बाई, काऊन नाई सांगितलं?” मी विचारलं. या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

“काय सांगू?”

“का पातेल्यात काई नाई म्हनून!”

“माह्या देवाची चहाडी करू काय लोकाईपाशी?” बाई म्हणाल्या आणि फुंकणी उचलली.

दिवेलागण झाली. रॉकेल नव्हतं, चुलीचाच काय तो उजेड. लाकडंही संपत आली. शेवटचं लाकूड राखेत बसलं तेव्हा बाई उठल्या, देव्हाऱ्यापुढे गेल्या आणि सकाळी वाहिलेल्या अक्षता चिमटीने वेचू लागल्या. हळदीने पिवळे झालेले, मोजून दहा-बारा दाणे असतील. ते त्यांनी आंधणात सोडले. वर मीठ टाकलं. मग पातेलं उतरवलं.

“रितं नाई उतरवलं पाहा,” त्या म्हणाल्या.

आम्हा सातजणींना त्यांनी वाटीवाटी ते पाणी दिलं. किंचित पिवळं, खारट, गरम. शामकलाच्या वाटीत एक दाणा आला होता. तिने तो सुशिलाच्या वाटीत टाकला. सुशिलाने वाटी खाली ठेवून विचारलं, “बाई, आज देवानं काऊन नाई धाडलं?”

बाईंनी तिला जवळ ओढली. “त्याचीबी अडचन असन वो. अकरा वर्सं तो आपल्याले सांभाळून राहिला. एक दिस आपन त्याले सांभाळून घेऊ.”

सकाळी त्यांनी आमची गाठोडी बांधायला लावली. सुटी दोन दिवस आधीच लागली म्हणा, असं सांगितलं. होळीनंतर कधी यायचं ते मात्र सांगितलं नाही. शामकलाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मी आजपासून भाताच्या गिरनीत पाखडाले जाऊन राहिली. तिथून आल्यावर सात जनींचं नाई होनार माह्यानं. अन् घरी जाऊन पोतं मागू नोका. आपन मागून आनलं, तं त्यानं धाडलं कसं म्हनाचं?”

त्या दारात उभ्या राहिल्या. अंगावरच्या लुगड्याला गुडघ्यापाशी नवं ठिगळ होतं, आणि सूप त्यांनी आधीच बगलेत धरलं होतं.

तिरोड्यापर्यंत आगगाडीने आणि पुढे पायी, मी घरी पोचले. माय अंगणात शेण कालवत होती. सोप्यात बाबूजी आणि मनोहरलालकाका बसले होते, आणि त्यांच्या मागे आमचा ढोला उभा होता. ढोला म्हणजे धान ठेवायची बांबूची मोठी कणगी, माणसापेक्षा उंच. तिचं तोंड मातीने लिंपून बंद केलेलं होतं आणि लिंपणावर हळदीची पाच बोटं उमटवली होती.

“आली काय? बरं झालं,” काका म्हणाले. “लांजीवाले येऊन गेले. वैशाखातली तिथी धरली तुझी. पाह्य, हे तुझ्या लग्नाच्या पंगतीचं धान. यंदा एवढ्या टंचाईतबी तुझ्या बापानं हात नाई लावला याले.”

एरवी मी लाजून आत पळाले असते. लांजीला सोयरीक झालेली मला माहीत होती. मी तिथेच उभी राहिले.

“बाबूजी, यंदा बाईकडं पोतं काऊन नाई धाडलं?”

बाबूजींनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. “अवो, यंदा धान झालं कुठं? सरकारात देल्लं, बियाचं ठेवलं, अन् हे लग्नाचं. मीनं म्हटलं, आपन एक सालाचं नाई धाडलं तं काय अडते? तिले तं देवच देते.”

“कोनी सांगितलं तुमाले?”

“कोनी म्हंजे?” काका हसले. “तूच तं सांगितली ना सारं गाव जमवून! तो गाडीवाला पोतं ठेवून गेला अन् कोनाले दिसलाच नाई. अवो, त्या गोष्टीनं तं रामलालनंबी, त्याची पोरगी तुझ्यासंगंच राहते ना, तिचं पोतं धाडलं नाई. म्हने, जिथं साक्षात देव धान्य पोचवते, तिथं आपलं पोचट धान कायले न्यावं, लाज वाटते.”

शामकलाच्या आईने आपलं पोतं आधीच दिलं होतं. उरली सहा घरं. सहा घरांत कुणी कंजूष नव्हतं, कुणी वाईट नव्हतं. प्रत्येकाने हात जोडले होते, शेठसारखेच, आणि पोतं घरात ठेवलं होतं. पावसाने दगा दिला होता हे खरं. पण थोडंफार धान प्रत्येकाकडे होतं. बाईंच्या ओसरीपर्यंत ते पोचलं नाही, ते माझ्या तोंडामुळे.

मी मग सगळं सांगितलं. या वेळी काहीच रंगवलं नाही. उदाराम शामकलाचा मामा आहे, आणि पोतं तिच्या आईने पाठवलं होतं. कण्या, कोदो, मोहफुलं. ईश्वरदास शेठ. अक्षतांचं पिवळं पाणी. भाताची गिरणी. सांगता सांगता मला रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. माय शेणाचे हात तसेच धरून दारात येऊन उभी राहिली होती.

बाबूजींनी वळून ढोल्याच्या लिंपणावर हात ठेवला. मग म्हणाले, “होळी होऊ दे. पाहू काहीतरी. एखादी पायली...”

“पायलीनं नाई होत बाबूजी.”

“मंग काय करतेस? हे लग्नाचं हाये.”

“माह्या लग्नाचं हाये ना?”

“तुझंच.”

“मंग मी सांगतो ते ऐका.” माझा आवाज इन्स्पेक्टर साहेबांपुढे होता तसा मोठा नव्हता, पण अडखळला नाही. “उद्या ढोल्याचं तोंड फोडा अन् बंडीले बैल जुपा. बिनपंगतीनं लग्न लावत असान तं लावा, नाई तं लांजीवाल्याईले एक साल थांबाले सांगा. थांबले तं ठीक, नाई थांबले तं दुसरीकडं पाहोत. मी बंडीवर बसून गोंदियाले जातो. वाटेत रामलालकाकाकडं उतरीन, अन् बाकीच्या चारही घरी जाईन, अन् सगळ्याईले खरं सांगीन. अन् बाईले मीच सांगीन माय, का देवानं यंदाबी पोतं धाडलंच होतं, मीनं ते वाटेत अडवून ठेवलं होतं.”