सत्कारात उठलेला मासा

वारज्याच्या मंगल कार्यालयात शनिवारी सकाळी दोनशे माणसं एका मेलेल्या माशाकडे टक लावून बसली होती. अवधूत महाराजांनी पांढऱ्या टबातून उताणा पडलेला तिलापिया उचलला, पंप चालू असलेल्या काचेच्या टाकीत सोडला, वर चिमूटभर हिरवी पूड टाकली आणि मंत्र सुरू केला. मंत्र चांगला लांबलचक होता. तो संपता संपता मासा हलला, सरळ झाला आणि पोहू लागला. माझ्या शेजारच्या बाईंनी टाकीलाच नमस्कार केला.

“सत्तावीस वनस्पती, त्याही हिमालयातल्या,” महाराज म्हणाले. “खाद्यात मिसळा, पाण्यात टाका, रोग पळेल. मात्र पूड घातली की तीन दिवस पंप बंद. पंपाच्या वाऱ्यानं औषधाचा प्राण उडतो.”

त्यांच्या टाकीतला पंप बुडबुडे काढतच होता. त्याच्या वाऱ्याला बहुधा सूट असावी.

मी कोथरूडला दातांचा दवाखाना चालवते. मासे पाळणं सोडाच, मी खातही नाही. मला इथे आणलं होतं माझा पेशंट बजरंग यानं. हा मूळचा अमरावतीकडचा. कारखान्यातली नोकरी सोडून वारज्यात पत्र्याच्या शेडमध्ये मासे वाढवतो. दोन टाक्या आजारानं गेल्या होत्या. तिसरीतले आठशे मासे सकाळपासून तोंड वर काढून हवा गिळत होते. महाराजांची पूड त्यानं कालच आणून ठेवली होती आणि त्याची बायको निशा शेडमध्ये पंपाच्या बटणापाशी बसली होती. याचा फोन गेला की ती पूड टाकून पंप बंद करणार होती.

“पाहिलं ना मॅडम, डोळ्यानं?” म्हणत त्यानं फोन काढला. आधीच हवा गिळणाऱ्या माशांचा पंप बंद केला तर ते मरणारच. पाच मिनिटं थांब, असं त्याला बजावून मी टाकी जवळून बघायच्या निमित्तानं पुढे गेले.

टाकीला वास नव्हता, पण पांढऱ्या टबाला होता, आणि तो मी झोपेतही ओळखला असता. लवंगेचं तेल! दुखरे दात बधिर करायला ते वापरून वापरून तीस वर्षं माझ्या साड्यांना तोच वास येतो.

तिथेच ओरडले असते तर लोकांनी मलाच बाहेर काढलं असतं. तेवढ्यात महाराजांनी टबातला दुसरा मासा शेजारच्या स्वच्छ पाण्याच्या कोऱ्या टाकीत सोडला. मी कार्यक्रमाचे अध्यक्ष हिंमतराव यांच्या कानाशी लागले.

“अहो, महाराजांचा सत्कार राहिलाच की.”

हिंमतराव ओशाळले. पुण्यात पाहुणा चहाशिवाय गेला तर चालतं, सत्काराशिवाय जात नाही. “आधी मासा,” असं महाराज म्हणेपर्यंत त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि पुडीचा डबा मिटलेलाच राहिला. हिंमतरावांनी माईक घेतला. महाराजांची फारशी माहिती नसल्यामुळे ते स्वतःविषयीच बोलू लागले.

सहाव्या मिनिटाला मासा हलला. आठव्याला तो पोहत होता.

“पूड तर टाकलीच नाही,” माझ्यामागून पुढे आलेला बजरंग माईकजवळ हळूच म्हणाला.

पण ऐकलं सगळ्यांनी. हिंमतरावही बोलायचे थांबले, आणि हा मात्र मला खराच चमत्कार वाटला.

मग मी सांगितलं. लवंगेच्या तेलानं माशाला गुंगी येते आणि तो मेल्यासारखा उताणा होतो. स्वच्छ, हवा खेळत्या पाण्यात सोडला की काही मिनिटांत शुद्धीवर येतो. लांबलचक मंत्र तेवढी मिनिटं काढायलाच होता. बजरंगनं तोच मासा पुन्हा टबात सोडला. तो उताणा झाला. कोऱ्या टाकीत परत सोडून बजरंग हात मागे बांधून उभा राहिला. मासा पुन्हा उठला. महाराज शाल-नारळासकट मागच्या दारानं गेले.

बजरंगनं फोन लावला. “निशा, पंप बंद करू नको. दुसराही लाव, अन् थोडं पाणी बदल.” संध्याकाळपर्यंत त्याचे मासे पुन्हा तळाकडे फिरू लागले.

माझं वनस्पतींशी वैर नाही. लसूण, हळद खाद्यात घालून मासे निरोगी राहतात का, ते जरूर तपासावं. पण निम्म्या टाक्यांना घालून, निम्म्यांना न घालून आणि पुरेसे दिवस थांबून. गुदमरणाऱ्या माशाला मात्र आधी हवाच लागते.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: पूड टाकलीच नसती, तर काय झालं असतं? बजरंगचे आठशे मासे या एका प्रश्नावर जगले.